ज्युलियसकाकांचे बारा डबे

डबाबंद टोमॅटो घ्यायचे तर साधे घ्यावेत की खास, असं मला पुष्कळ बायका विचारतात. मी अंधेरी पूर्वेला एका महिला मंडळाच्या डबाबंदी केंद्रात काम करते, तेव्हा मला ते ठाऊक असणारच असं त्यांना वाटतं. ठाऊक आहेच. दोन्ही डबे फोडून, दोन बशांत ओतून, शेजारी शेजारी ठेवून मी खाल्लेत. पण उत्तर द्यायची वेळ आली की मी ज्याच्या त्याच्या ऐपतीबद्दल काहीतरी पुटपुटते आणि कामाला लागते. खरं उत्तर द्यायचं तर ज्युलियसकाकांचं सगळं सांगावं लागेल, आणि त्यात माझीच शोभा आहे.

आमचं केंद्र म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली. बायकांनी आपापली फळं, भाजी घेऊन यायची, आम्ही ती धुऊन, सोलून, डब्यात भरून, झाकणाला सील मारून मोठ्या हंड्यात उकळायची. डब्यामागे चाळीस पैसे. ज्याचा माल त्याच्या झाकणावर तांबड्या रंगानं त्याचा नंबर घालायचा आणि डबे पंधरा दिवस आमच्याच फळीवर ठेवायचे. डबा नीट उकळला नसेल तर या पंधरा दिवसांत त्याचं झाकण फुगतं. फुगलेला डबा फेकायचा, त्याला दुसरा इलाज नाही. पाच वर्षांत माझ्या हातचा एकही डबा फुगला नव्हता. हे मी येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायची. न विचारताही ऐकवायची.

ज्युलियसकाका मरोळच्या गावठाणातले. रविवारी चर्चला जाणारे आणि घरात आमच्यापेक्षा जुन्या वळणाची मराठी बोलणारे. त्यांची भातशेती चार वर्षांपूर्वीच विकली गेली होती आणि तिथे कारखान्यांच्या शेड उभ्या होत्या. उरला होता विहिरीजवळचा एक तुकडा. त्यात ते वांगी आणि टोमॅटो काढायचे. तोही एका कारखानदाराला द्यायचा ठरून बयाणा घेतलेला होता, खरेदीखत जूनमध्ये व्हायचं होतं. त्याचं काकांना दुःख नव्हतं. विहीर मचूळ झाली होती, टोमॅटो सुपारीएवढे आणि आंबट यायचे, बाजारात निम्म्या भावानंही कुणी उचलत नव्हतं. जमीन मेली, बाय, असं ते मला म्हणायचे, आणि म्हातारं माणूस गेल्यावर आपण जसं सुटला बिचारा म्हणतो तसं म्हणायचे. त्या पैशांत मुलाला, लिओनार्डला, लेथ मशीन घेऊन द्यायचं होतं. तो साकीनाक्याला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबत होता. आमचं सील मारायचं मशीन अडलं की तोच येऊन दुरुस्त करायचा.

गेल्या वर्षी, सदुसष्ट सालच्या मार्चमध्ये काका एक टोपली घेऊन केंद्रात आले. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, इव्हाचं लग्न होतं. त्यांच्या घरातली रीत अशी की लग्नाच्या जेवणात आपल्या शेतातलं काहीतरी हवंच. पूर्वी भात असायचा. आता भात नाही, उरले फक्त टोमॅटो. ते पिकतात फेब्रुवारी-मार्चात, आणि नेमके तेव्हा यांचे उपासाचे चाळीस दिवस चालू असतात, त्यात लग्न लावत नाहीत. ईस्टर होईपर्यंत टोमॅटोची रोपं वाळून जातात. म्हणून डबे. हे शेवटचं पीक आहे, काका म्हणाले, पुढच्या साली तिथं कारखान्याचा पाया असेल. मी म्हटलं, काका, निश्चिंत राहा, माझ्या हातचा डबा फुगत नाही.

टोपलीतून बारा डबे निघाले. त्याच दिवशी पार्ल्याच्या एका बाईंचे अननसाचे पंचवीस डबे उकळायचे होते. नियमानं दोन घाणे करायला हवे होते, एक अननसाचा, एक टोमॅटोचा. पण मी आणि केंद्रातली माझी मैत्रीण मालन, आम्ही तीनच्या खेळाची सिनेमाची तिकिटं काढून ठेवली होती. दुसरा घाणा म्हणजे आणखी तास-दीड तास. मी हंड्यात खाली अननस रचले आणि त्यांच्यावर काकांचे बारा डबे ठेवले. वरच्या थराच्या झाकणांपर्यंत पाणी पोचत नव्हतं, दोन बोटं कमी होतं. मला ते दिसलं. आणखी पाणी ओतलं असतं तर उकळी यायला पुन्हा अर्धा तास गेला असता. वाफेनं होतील, असं मी मनाशी म्हटलं आणि हंड्यावर झाकण टाकलं. खरं सांगायचं तर मनात आणखी एक गोष्ट आली होती. पार्ल्याच्या बाई मंडळाच्या सेक्रेटरींच्या ओळखीच्या होत्या, आणि हे तर ज्युलियसकाकांचे आंबट टोमॅटो. सिनेमा चांगला होता. मी पोटभर रडले आणि घरी गेले.

आठव्या दिवशी पहिलं झाकण फुगलं. बाराव्या दिवसापर्यंत बारापैकी दहा फुगले, आणि उरलेल्या दोनांवर माझा भरवसा राहिला नाही. लग्नघरी कुणाला विषबाधा झाली तर काय घ्या. त्या दिवशी मी लवकर आले, केंद्राच्या मागे खड्डा खणला आणि बाराही डबे त्यात पुरले. अननसाला काही झालं नव्हतं. पार्ल्याच्या बाई खूश होऊन आपले डबे घेऊन गेल्या.

त्याच दिवशी काकांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. तेव्हा शेतात शेवटचे चार टोमॅटो तरी असतील, आणि नसते तरी काका रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मिटलं असतं. पण पाच वर्षांची माझी फुशारकी होती. शिवाय चौकशी झाली असती तर सिनेमाचं निघालं असतं. मी ठरवलं की बाजारातून बारा डबे आणायचे. कुणाला कळणार होतं?

बाजारात दोन तऱ्हेचे डबे होते. साधा एक रुपया साठ पैशांना आणि खास तीन रुपये दहा पैशांना. दुकानदार म्हणाला, खास माल मोठ्या हॉटेलांना जातो. मी दोन्ही एकेक आणले आणि घरी फोडले. साध्यात निम्मं पाणी, सालींचे तुकडे, बिया तरंगताहेत, वर पत्र्याचा वास. खास डब्यातून मात्र अख्खे, लालबुंद, गुळगुळीत सोललेले टोमॅटो बाहेर आले, दाट रसात बुडालेले. चवीला गोड आणि शेवटाला जरासे आंबट. नवऱ्याला, गुणाजींना, एक दिला. ते मालवणीशिवाय बोलत नाहीत. म्हणाले, "तीन रुपये दिलंस ह्येका? खुळी झालंस काय?" आणि दुसरा उचलून तोंडात टाकला.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. मटणाच्या रश्शात घालायचे असतील तर साधा डबा पुरे. मसाल्यात काय कळतंय. नुसते खायचे असतील तर दीड रुपया ज्यादा देण्यात पैसे वसूल आहेत. लग्नात ते मटणातच जाणार होते. म्हणजे साधे आणले असते तर काम भागलं असतं, आणि ते पाणचट, आंबट टोमॅटो काकांच्या शेतातल्या मालाच्या जवळपासही गेले असते. पण मला अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटायला लागलं की माझा हात सैल होतो. काकांचं नुकसान केलं ना, मग त्यांना निदान उत्तम तरी देऊ, असं मला वाटलं. महिन्याच्या नव्वद रुपये पगारातून सदतीस रुपये मी त्या डब्यांवर घातले आणि घालताना मला बरं वाटलं. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या बरं वाटण्याची वाटते.

डबे आमच्याच मापाचे होते. कागद भिजवून काढले, झाकणावर कारखान्याचे आकडे ठोकलेले होते त्यांवर तांबडा रंग फासून काकांचा नंबर घातला. काका न्यायला आले तेव्हा त्यांनी एकेक डबा हातात घेऊन झाकण दाबून पाहिलं आणि म्हणाले, तुझा हात चांगला, बाय. मी चहा मागवते म्हणून आत गेले.

लग्न गावठाणातच, घरासमोर मांडव घालून झालं. आम्ही दोघं गेलो होतो. जेवणाआधी काकांनी एक डबा मुद्दाम बाजूला काढायला लावला. तो मटणात घालायचा नाही, म्हणाले, शेवटचं पीक आहे, आम्ही म्हाताऱ्यांनी ते नुसतं खायचं. बशीत टोमॅटो काढले, वर मीठ भुरभुरलं आणि पहिला काकांनीच खाल्ला. मी समोरच उभी होते. चावता चावता ते थांबले. बशीकडे पाहिलं. मग आणखी एक खाल्ला, सावकाश, डोळे मिटून. बाकीच्यांनी एकेक खाल्ला आणि पुन्हा बशीकडे हात नेला. त्यांच्या शेजारचे हेन्री म्हणून एक म्हातारे होते, ते हसत हसत म्हणाले, "ज्युल्या, असा टोमॅटो देणारी जमीन तू कारखान्याला देतोस?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीच्या लग्नात बापाच्या डोळ्यांत पाणी यायचंच, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. मला वाटलं. त्यांना जमीन मेली म्हणून विकवत होती, आणि मी ती बशीत जिवंत करून ठेवली होती. बायका येऊन माझ्या हाताची तारीफ करून गेल्या. मी प्रत्येकीला म्हटलं, माझं काही नाही, टोमॅटोच चांगले होते. असं बोलायला जीभ कशी वळली ते देव जाणे.

आठ-दहा दिवसांनी लिओनार्ड केंद्रात आला. मशीन बिघडलेलं नव्हतं. त्यानं सांगितलं की बाबा जमीन विकायला तयार नाहीत, सोमवारी बयाणा परत करणार आहेत. बयाण्यातले निम्मे पैसे लग्नात गेले होते, ते भरून काढायला आईच्या पाटल्या मोडायला काढल्या होत्या. लेथ मशीन तर गेलंच. "सुगंधाताई, बाबा तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना सांगा ना, एका डब्यावरून काय जमिनीची परीक्षा होते?" मान खाली घालून तो बोलत होता आणि मशीनचा दांडा उगीच वरखाली करत होता. सत्तावीस वर्षांचा मुलगा, दहा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलेला.

मी रविवारी काकांकडे गेले. वाटेत तीन वेळा परत फिरावंसं वाटलं. ते विहिरीतला गाळ उपसून घेत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दहा वर्षांनी लहान दिसत होते. मला बघून ते आनंदले. तरी मी सांगितलं. घाणा, पाणी, सिनेमा, खड्डा, बाजारातले डबे, सगळं सांगितलं. तुम्ही खाल्लेत ते तुमचे टोमॅटो नव्हते, काका.

ते ऐकत राहिले. मग हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "लिओनार्डनं पाठवलं ना तुला?"

मी नाही म्हटलं. पण ते जरा अडखळतच म्हटलं, कारण लिओनार्ड माझ्याकडे आला होता हे खोटं नव्हतं. काकांना तेवढं पुरलं. "तो तुझ्याकडं आलेला, मला ठाव हाय. पोरासाठी तू खोटं बोलतेस, तुझा राग नाय मला. पण साठ वर्षं मी ही माती कसली. मला माज्या मातीची चव कळणार नाय? जमीन मेली नव्हती, बाय. मीच तिला मेली म्हटली." आणि त्यांनी मला पाणी प्यायला दिलं.

मी आणखी एकदा सांगून पाहिलं. मुलांची शपथही घेतली. ते नुसते हसून मान हलवत राहिले. मग मी उठले. सांगायचं ते मी सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही, असं म्हणत मी घरी आले आणि त्या दिवशी मी पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारी बयाणा परत गेला. कारखानदारानं शेजारचा तुकडा घेतला. लिओनार्डनं काही दिवस वाट पाहिली आणि ऑगस्टमध्ये तो जहाजावर कामाला लागला. जाताना बापाशी बोलला नाही. माझ्याकडे येऊन मशीनला तेल घालून गेला. दिवाळीनंतर काकांनी रोपं लावली. शेणखताच्या गाड्या आणल्या, दोन माणसं लावली. केंद्रावरून जाताना खिडकीशी थांबून सांगायचे, रोपं कमरेला लागली, फुलं धरली, यंदा बघच. मी हो हो म्हणायची. हातात काम नसलं तरी काहीतरी उचलून हलवत राहायची, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागायचं नाही.

फेब्रुवारीत ते टोपली घेऊन आले. टोमॅटो सुपारीएवढे होते, जाड सालीचे. काकांनी एक उचलून माझ्यासमोर चावला, आंबटपणानं त्यांचा एक डोळा मिटला. तो टोमॅटो त्यांनी पुरा खाल्ला. मालन काहीतरी निमित्त करून बाहेर गेली. काका टोपली शेजारी ठेवून बाकावर बसले.

"तू खरं बोललेलीस," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"मग एक डबा बाजारातून आणून माज्यासमोर फोडला का नाय? तोच टोमॅटो, तीच चव. मी एक घास खाल्ला असता आन् मला कळलं असतं. तीन रुपयांची तर गोष्ट व्हती."

मला तोंडावर मारल्यासारखं झालं. कारण हे मला सुचलं नव्हतं असं नाही. त्या रविवारी त्यांच्या घरून परत येताना, दुकान वाटेतच होतं, तेव्हा मला हेच सुचलं होतं. एक डबा घ्यावा आणि मागे फिरावं. मी दुकानासमोर उभीसुद्धा राहिले होते. लपवायला सदतीस रुपये खर्चले होते, उघडं करायला तीन खर्चवले नाहीत. पैशासाठी नाही. काकांनी विश्वास ठेवला नाही म्हणून मी सुटले होते, आणि मला सुटलेलंच राहायचं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता तर ते माझ्याकडे कसे बघतील याची मला भीती वाटत होती. पाटल्या आणि लेथ मशीन माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी त्याहून ती भीती मोठी झाली.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, शब्द न गाळता. बोलताना मी रडत होते, पण त्यांनी मला गप्प हो म्हटलं नाही की माझी समजूतही घातली नाही. ऐकून झाल्यावर ते उठले.

"हे लिओनार्डला लिही," ते म्हणाले. "आत्ता माज्याजवळ बोललीस ना, तसंच लिही. त्याला वाटतं बापानं मातीपायी पोराला सोडलं. मी लिहिलं तर तो पत्र फोडणार नाय. तुझं फोडील."

जहाज कंपनीच्या कचेरीचा पत्ता लिहिलेला चिठोरा त्यांनी खिशातून काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणजे घरून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं. टोपली त्यांनी तिथेच राहू दिली. मी त्या दिवशी त्या टोमॅटोंचे सात डबे केले, त्यांचाच वेगळा घाणा लावून, आणि मग बाकावर बसून पत्र लिहिलं. तीन पानं झाली. सिनेमाचं लिहिलं, दुकानासमोर उभी राहिले ते लिहिलं. मालननं विचारलं, एवढं कशाला, चूक झाली म्हणून दोन ओळी पुरेत. मी तिन्ही पानं पाकिटात घातली. पत्र स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

त्याला आता पाच महिने झाले. जहाज कुठे आहे, पत्र त्याच्यापर्यंत पोचलं की कचेरीतच पडून आहे, त्यानं वाचून फाडून टाकलं की काय, मला काही कळायला मार्ग नाही. काका दर शनिवारी दुपारी केंद्रात येतात. माझ्याशी दुसरं काही बोलत नाहीत. दारातच उभे राहून विचारतात, "आलं काय?" मी नाही म्हणते. ते मान हलवतात आणि उन्हापावसातून परत जातात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येतात.